काट्याला कोण पाणी घालतं? तालीमखाना, ओढ्याचा काठ आणि वाकड्या काकड्या

(या भागात बोललेलं जवळपास तसंच लिहून काढलं आहे. वाचताना अडखळू नये म्हणून थोडं आवरलंय, एवढंच.)

मी अणदूरहून बोलतोय. तुळजापूर तालुका, धाराशिव जिल्हा. सोलापूरहून हैदराबादकडे निघालात की नळदुर्गजवळ आमचं गाव लागतं. मधेमधे मागे ट्रकचा आवाज येईल, तो हायवेचा आहे. त्याला माझा इलाज नाही.

मागच्या भागात मी ठिबकबद्दल बोललो होतो. तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं की तुमच्या शेततळ्याच्या कडेला ते निळं-जांभळं काय फुललंय? फोटोत दिसत होतं म्हणे. आज त्याच्याबद्दलच बोलू. पण मी सरळ झाडापासून सुरुवात करणार नाही, काकडीपासून करतो. कारण माझ्या डोक्यात ते झाड काकडीमुळेच आलं.

आमचं रान ओढ्याला लागून आहे. रान म्हणजे तीन एकर. त्यात सोयाबीन, तूर असतेच, आणि अर्धा-पाऊण एकर मी माळव्याला ठेवतो. काकडी, भोपळा, वांगी. ओढ्याच्या पलीकडे माझ्या चुलत्यांचं, तात्यांचं रान. लहानपणी हा ओढा म्हणजे खोल असा काही नव्हता. पावसाळ्यात पसरायचा, दिवाळीनंतर आटत आटत डबकी व्हायची, आणि होळीपर्यंत कुठंकुठं नुसता ओलावा. दोन्ही बाजूंना पसरट, चिखलाचा काठ. त्यात लव्हाळे, शेवाळ, बेडकं, आणि काय काय उगवलेलं.

मग दुष्काळाची वर्षं आली. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून लातूरला दिलं, ते सगळ्यांना आठवत असेल. लातूर आमच्यापासून लांब नाही. त्या उन्हाळ्यात आमच्याही विहिरीत पोहरा खडकाला लागत होता. त्यामुळं पुढच्या वर्षी ओढा खोल आणि रुंद करायचं ठरलं, तेव्हा कुणी नको म्हणालं नाही. डिझेलला वर्गणी काढली. मी पण दिली. पोकलेन आलं, आठ-दहा दिवस चाललं, आणि ओढ्याचा एकदम कालवा झाला. दोन्ही बाजू सरळ उभ्या, भिंतीसारख्या. पाणी थांबलं, विहिरीला उतरलं. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर कुणी म्हणायला नको की हा खोलीकरणाच्या विरोधात बोलतोय. मी त्या पाण्यावरच शेती करतोय. ते काम गरजेचंच होतं.

पण एक गोष्ट तेव्हा कुणाच्याच लक्षात आली नाही. पाणी वाचलं, आणि काठ गेला.

वाकड्या काकड्या

दोन वर्षांनी, 2019 ला, मी सप्टेंबरात काकडी लावली. वेल झकास. पानं हाताएवढी. फुलं पण भरपूर. आणि काकड्या? वाकड्या. देठाकडं जाड आणि टोकाकडं शेपटीसारखी बारीक, नाहीतर मधेच आखडलेली. कितीतरी तर बोटाएवढ्या होऊन पिवळ्या पडून गळाल्या. व्यापारी क्रेट बघायचा आणि निम्मा माल बाजूला काढायचा. खत कमी पडलं म्हणून खत दिलं. बोरॉन दिलं. रोग असेल म्हणून फवारलं. पैसे गेले, काकडी वाकडी ती वाकडीच.

मग एक दिवस सकाळी सात वाजता मी नुसता वेलाजवळ बसलो. दहापर्यंत बसलो. चहा तिथंच मागवला. काय करायचं होतं, तर फुलावर कोण येतंय ते बघायचं. त्या तीन तासांत माझ्यासमोरच्या दहा-बारा वेलांवर मला चार माश्या दिसल्या. चार. आणि त्यातल्या दोन घरमाश्या होत्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काकडीला नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं. मादी फुलाच्या मागं इवलीशी काकडी आधीच असते. नराचे पराग तिथपर्यंत पोचले नाहीत तर ती इवलीशी काकडी गळून जाते. आणि अर्धवट पोचले तर ज्या बाजूला बी धरतं ती बाजू फुगते, दुसरी तशीच राहते. झाली काकडी वाकडी. फूल एकच दिवसाचं असतं, त्यातही सकाळची वेळ महत्त्वाची, आणि एका माशीच्या एका भेटीत भागत नाही, पुष्कळ भेटी लागतात. पॉलिहाऊससाठी काही जाती काढल्यात, त्यांना परागीभवन लागत नाही. पण उघड्या रानातल्या आपल्या काकडीला माशी पाहिजेच. भोपळ्याचंही तसंच.

भोपळ्याला मी त्या वर्षी हातानं केलं. पहाटे नर फूल तोडायचं, पाकळ्या मागं करायच्या आणि मादी फुलावर टेकवायचं. पंचवीस-तीस वेलांना ठीक आहे. काकडीच्या हजारो फुलांना कोण करणार? पुढच्या वर्षी मधमाश्यांच्या पेट्या भाड्यानं आणल्या. फरक पडला, खोटं कशाला बोलू. पण महिन्याभरानं पेट्यावाला म्हणाला, इथं आता यांना खायला काही नाही, मी नेतो. आणि घेऊन गेला.

त्याचं ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. इथं खायला काही नाही. माझ्या काकडीला माशी वीस-पंचवीस दिवस लागते. पण माशीला तर बाराही महिने खायला लागतं. उरलेले अकरा महिने तिनं काय करायचं?

ते निळं काट्याचं

घरी आईजवळ हे बोललो. आई म्हणाली, पहिलं ओढ्याला ते निळं काट्याचं असायचं, त्याच्यावर लई भुंगे असायचे. धुणं घेऊन गेलं की भ्यायला व्हायचं.

निळं काट्याचं म्हणजे कोणतं? तिनं वर्णन केलं आणि मलाही आठवलं. आम्ही पोरं त्याच्या वाटेला जात नसू, कारण चड्डीवर काटे घुसायचे. आई त्याला कोळसुंदा म्हणते. कुठं कोळिस्ता म्हणतात. काष्ठौषधीच्या दुकानात त्याच्या बियांना तालीमखाना म्हणतात. आयुर्वेदात नाव आहे कोकिलाक्ष. आणि शास्त्रीय नाव हायग्रोफिला ऑरिक्युलाटा. यातल्या हायग्रोफिला या शब्दाचा अर्थच मुळी ओलाव्याची आवड असलेली.

अडुळसा, अबोली, कोरांटी, सह्याद्रीतली कारवी ही सगळी याची भावकी. एकाच कुळातली झाडं. हे आपलं इथलंच झाड आहे, बाहेरून आलेलं नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण ओढ्याकाठी जांभळट फूल म्हटलं की लोक बेशरमाचं नाव घेतात. बेशरम दक्षिण अमेरिकेतून आलेली, तिची फुलं मोठी, भोंग्यासारखी, आणि तिला काटा नाही. ती कृपा करून लावू नका. ती न लावताही येतेच.

तालीमखाना कमरेएवढा होतो, कधी थोडा जास्त. खोड सरळ, फारसं फांद्या न फुटलेलं. प्रत्येक पेराशी लांबट पानांचा झुबका आणि त्यात चांगले लांब, पिवळसर, सरळ काटे. आणि त्या काट्यांच्या मधोमध फुलं. निळसर जांभळी, दोन ओठांची. खालचा ओठ म्हणजे माशीला उतरायला ओटाच. माशी उतरते, रसासाठी आत डोकं घालते, आणि वर असलेले परागकोश तिच्या पाठीला घासतात. आमच्याकडं दसऱ्याच्या पुढंमागं फुलायला लागतो आणि जानेवारीपर्यंत चालतो. म्हणजे पावसाळी रानफुलं संपत येतात तेव्हा हा सुरू होतो. नेमका माझ्या काकडीच्या वेळेला.

आता यात गंमत अशी की मी आधी झेंडू लावून बघितला होता. शेततळ्याच्या कडेनं चांगली ओळ लावली. एका दुपारी शेळ्या आल्या. संपला विषय. आपल्याकडं फुलझाड लावा म्हणणारे पुष्कळ आहेत, पण शेळीचं काय करायचं ते कुणी सांगत नाही. ओढ्याचा काठ म्हणजे सगळ्या गावाच्या जनावरांचा रस्ता. तिथं मऊ पानाचं झाड फुलायच्या आधीच कुणाच्या तरी पोटात जातं. मग मला कळलं की आईच्या लहानपणी त्या काठावर एवढं फूल का टिकत होतं. काट्यामुळं! काटा आहे म्हणून जनावर तोंड घालत नाही, तोंड घालत नाही म्हणून फूल राहतं, आणि फूल राहतं म्हणून माशी राहते.

बी शोधण्याची गोष्ट

ठरवलं, लावायचं. पण बी कुठंय? ओढ्याला एकसुद्धा झाड राहिलं नव्हतं.

आधी पुण्यातल्या भाच्याला सांगितलं की तालमखाना मागव. त्यानं मोबाईलवरून मागवलं आणि आलं काय, तर मखाना. ते पांढरं, फुगलेलं, उपासाला तुपात परतून खातात ते. तो मखाना म्हणजे बिहारकडच्या तळ्यात होणाऱ्या काटेरी कमळाच्या जातीचं बी. नावात साम्य, पाण्यात दोन्ही, बाकी काही संबंध नाही. खाऊन टाकलं.

मग एका काष्ठौषधीच्या दुकानातून शंभर ग्रॅम खरा तालीमखाना आणला. बारीक, तपकिरी बी. आता आपण शहाणे, म्हणून ते रात्रभर भिजवलं. सकाळी बघतो तर सब्जासारखा बुळबुळीत गोळा. एक बी सुटं होईना. तो गोळा तसाच चिखलात फासला. एक रोप आलं नाही. बी किती जुनं होतं कुणास ठाऊक. दुकानदारानं ते औषधाला म्हणून विकलं होतं, पेरायला नाही. त्याची काही चूक नाही.

खरं बी मिळालं ते देवाच्या वाटेवर. बाहेरच्या मंडळींसाठी सांगतो, आमच्या खंडोबाला दोन घरं आहेत. वर्षातला मोठा काळ देव अणदूरला असतो, आणि मार्गशीर्ष-पौषात नळदुर्गजवळ मैलारपूरला जातो. पौष पौर्णिमेची मोठी यात्रा तिथं भरते, नंतर देव परत आमच्याकडं येतो. तर देव तिकडं असताना मी मोटारसायकलवरून दर्शनाला चाललो होतो. हायवेच्या कडेला, मुरूम काढलेल्या एका खड्ड्यात पाणी साचलेलं, आणि त्याच्या कडेनं पंधरा-वीस झाडं. खाली वाळलेली, वरच्या पेरांना अजून फुलं. गाडी तिथंच लावली.

त्या दिवशी सहज मनात आलं, या झाडाचंही देवासारखंच आहे. याला पण दोन घरं लागतात. चार महिने पाणी, आठ महिने कोरडं. कायम पाण्यात ठेवलं तर कुजेल, कायम कोरड्यात ठेवलं तर येणार नाही. मधली जागा पाहिजे, म्हणजे काठ पाहिजे. आणि तोच आपण पोकलेननं काढून टाकला होता.

लावायचं कसं

आता ज्यांना करायचंय त्यांनी लक्ष देऊन ऐका. मी चुकलो ते तुम्ही चुकू नका.

बी गोळा करायची वेळ म्हणजे साधारण जानेवारी-फेब्रुवारी, खालची पेरं वाळून तपकिरी झाली की. जाड हातमोजे घाला. खाली जुनं धोतर किंवा पोतं अंथरा, झाड त्यावर वाकवा आणि काठीनं हलके झोडपा. या कुळातल्या झाडांची बोंडं तडकून उघडतात, आत बी बारीक आकड्यांवर बसलेलं असतं आणि ते उडतं. म्हणून वाऱ्याच्या वेळी जाऊ नका, आणि उशीरही करू नका. सगळं बी आणू नका. मी तीनातलं एक झाड झोडपतो, दोन तशीच सोडतो. त्या खड्ड्यातल्या माशीलाही पुढच्या वर्षी खायचंय.

बी कोरडं ठेवा. कागदी पुडीत, डब्यात. फ्रिज लागत नाही.

पेरणी पहिल्या दोन चांगल्या पावसांनंतर, म्हणजे जूनमध्ये. बी भिजवायचं नाही, हे मी तिसऱ्यांदा सांगतोय असं समजा. मूठभर कोरडी वाळू किंवा राख घ्या, त्यात चिमूटभर बी मिसळा आणि ओल्या चिखलावर फेका. वर माती ओढू नका, फक्त पायानं दाबा. बियाला पाणी लागलं की ते चिकट होतं आणि चिखलाला धरून बसतं. तो चिकटपणा त्याच्या कामाचाच आहे, आपण मडक्यात भिजवून तो वाया घालवतो.

जागा निवडताना पाण्याची कमाल पातळी बघा. पाणी चढतं आणि उतरतं तो पट्टा. शेततळ्याला प्लास्टिकचा कागद असेल तर काठावर काही येणार नाही, मग तळ्याचं जादा पाणी जिथं उतरतं ती सांडव्याची जागा धरा. विहिरीच्या उपशाचं पाणी सांडतं ती जागा, हापशाखालचा चिखल, नाहीतर घराचं सांडपाणी जिरतं तिथंही चालेल. ओढ्याची बाजू उभी असेल तर आधी फावड्यानं तिला उतार द्या. मी तात्पुरता म्हणून वीस फुटांचा उतार केला होता, आता साठ फूट झालाय. सगळा ओढा कुठं परत भरायचाय? एका बाजूनं, थोडाच.

पहिला महिना बारीक गवत काढावं लागतं, नाहीतर रोपं दबतात. ऊन पूर्ण पाहिजे. खत नको. आणि एक, पायवाटेवर, जनावराच्या पाणी प्यायच्या वाटेवर किंवा पोरं खेळतात तिथं लावू नका. भाताच्या खाचरात हे तण म्हणून त्रास देतं, तेव्हा कोकणातल्या मंडळींनी खाचरापासून लांब ठेवावं. पट्टा ठरवा आणि पट्ट्याबाहेरचं रोप लहान असतानाच उपटा. मोठं झाल्यावर उपटायचं म्हणजे हाताची चाळण.

शहरात राहणाऱ्यांनी एक पसरट कुंडी घ्या, खाली ताटली ठेवा, माती कायम ओली राहील असं बघा. पाच-सहा तास ऊन पाहिजे. पाणी वर साचू देऊ नका, डास होतील. चिखल पाहिजे, तळं नको.

आणि काही जण आता विचारतील की हे कशावर औषध आहे. मंडळी, मी वैद्य नाही. ते वैद्यांना विचारा. मी माशीसाठी लावतोय.

कोण कोण आलं

पहिली फुलं 2021 च्या ऑक्टोबरात आली. आईला खुर्ची टाकून दिली तिथं, आणि आम्ही दोघं बघत बसलो.

आधी आले काळे भुंगे, जाड, घुमणारे, वाळक्या लाकडात भोक पाडून राहतात ते. मग फुलोरी माशी, आपली सगळ्यात छोटी मधमाशी, झुडपाच्या फांदीला एकच पोळं लावते ती. फुलोरी आणि आग्या पेटीत राहत नाहीत. पेटीत राहते सातेरी, नाहीतर बाहेरून आणलेली मेलिफेरा. म्हणजे फुलोरीला भाड्यानं आणता येत नाही. तिला आवडेल असं काही ठेवलं तर ती आपली आपण येते.

आणि एक माशी आली जिच्याकडं मी आयुष्यात कधी लक्ष दिलं नव्हतं. पोटावर चकचकीत निळे पट्टे. एका जागी थांबत नाही, हवेतच लटकते आणि झपकन दुसऱ्या फुलावर जाते. हिला पोळं नसतं. प्रत्येक मादी एकटी, मातीत बीळ करून अंडी घालते. कच्च्या मातीच्या भिंतीत, ओढ्याच्या दरडीत. आणि हिची एक खासियत आहे. वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलात पराग आत कोंडलेले असतात, मिठाच्या डबीसारखे, टोकाला भोक. ही माशी फुलाला धरून अंग थरथरवते आणि पराग बाहेर पाडते. मधमाशीला हे जमत नाही. माझ्या वांग्याच्या शेजारी हिचं घर असणं म्हणजे काय, हे वांगी लावणाऱ्याला सांगायला नको.

म्हणजे पोकलेननं केलेली ती उभी दरड फुकट गेली नाही बघा. वरच्या कोरड्या भागात या माशीनं बिळं केली. फूल नव्हतं म्हणून ती नव्हती. फूल, घर आणि चिखलातलं घोटभर पाणी, या तीन गोष्टी चालत जायच्या अंतरावर पाहिजेत. चालत म्हणजे उडत.

फुलपाखरं पण आली. त्यातलं एक नारिंगी, पंखांवर मोरपिसासारखे डोळे. इंग्रजीत त्याला पिकॉक पॅन्झी म्हणतात. ते नुसतं रस प्यायला येत नाही, याच झाडाच्या पानांवर अंडी घालतं आणि त्याच्या अळ्या हीच पानं खातात. तेव्हा पानाला भोकं दिसली की लगेच पंप पाठीवर घेऊ नका. ती अळी तुमच्या काकडीवर येणार नाही. अमेरिकेत मोनार्क फुलपाखरासाठी लोक मुद्दाम मिल्कवीड लावतात, आपल्या रुईच्या कुळातलं. त्यातली एक जात दलदलीत येणारी आहे. तिकडं ते दारात हौसेनं लावतात. आपल्याकडं हे असलं झाड आधीच उगवलेलं असतं आणि आपण ते उपटतो.

तात्यांची काडी

आता मूळ प्रश्नावर येतो. पहिल्याच पावसाळ्यात मी चिखलात वाकून बी फेकत होतो. पलीकडून तात्या बघत होते. म्हणाले, "काय पेरालास रं?" मी सांगितलं. तात्या हसले नाहीत. म्हणाले, "आमच्या बापानं जन्मभर रानातलं काटं काढलं. आन् तू काटं लावालास? काट्याला कोण पाणी घालतंय?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. कारण ते खरं बोलत होते. आजोबांनी हराळी आणि काटे काढून काढून ते रान केलेलं. स्वच्छ बांध ही आमच्याकडं अब्रूची गोष्ट आहे. बांधावर गवत दिसलं की लोक म्हणतात, घरात माणूस आहे का नाही?

2022 च्या डिसेंबरात माझा पट्टा ऐन भरात होता. एका संध्याकाळी धूर दिसला. तात्यांनी त्यांच्या बाजूचा बांध पेटवला होता, आणि ओढ्यात पाणी नव्हतं तिथून जाळ माझ्या बाजूला आला. मुद्दाम लावला का आपोआप आला, हे मी आजपर्यंत विचारलेलं नाही. फुलांसकट सगळं गेलं. मी त्यांना नको ते बोललो. वडीलधाऱ्या माणसाला बोलू नये असं बोललो. संक्रांतीला त्यांच्याकडं तिळगूळ द्यायला गेलो नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा.

2023 ला पाऊसच झाला नाही धड. पण जुलैत थोडी ओल झाल्यावर राखेखालच्या चिखलातून रोपं वर आली. मोजली, सतरा. पाणी जसं खाली सरकलं तशी पुढची रोपं खालच्या ओल्यात आली. मी काही केलं नव्हतं.

मग मी तात्यांकडं गेलो. झाडाचं काही बोललो नाही, फक्त म्हटलं, सकाळी चहाला रानात या. आले. काकडीच्या वेलाजवळ बसवलं. तासभर बसलो दोघं. तात्यांनी स्वतःच मोजल्या माश्या, बोटावर. मग ते म्हणाले, "माझ्या भोपळ्याला का येईनात?" त्यांनी फुलं उमलायच्या वेळेला, सकाळी, फवारणी केलेली होती. ते कळल्यावर गप्प बसले. आता ते संध्याकाळी फवारतात, फुलं मिटल्यावर. तेवढं एक जरी तुम्ही केलंत, झाड नाही लावलंत, तरी पुष्कळ आहे.

करार असा झाला: पट्टा माझ्या बाजूला, आठ फुटांच्या आत. त्यांच्या बांधाला एक काटा दिसला तर ते उपटणार, मी बोलायचं नाही. आणि ते पेटवण्याआधी मला फोन करणार.

काय झालं, काय नाही

आता हिशोब सांगतो. काकडीचा वाकडा माल कमी झाला. निम्म्याच्या जागी आता क्रेटमागं पाच-सहा काकड्या बाजूला पडतात. पण हे सगळं तालीमखान्यामुळंच झालं, असं मी छातीठोक म्हणणार नाही. फवारणीची वेळ बदलली, 2024 ला पाऊस चांगला झाला, बांधावर थोडं गवतही राहू दिलं. शेतात एका वेळी एकच गोष्ट बदलत नाही. जगातल्या मुख्य अन्नपिकांपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त पिकं कमी-अधिक प्रमाणात कीटक-प्राण्यांच्या परागीभवनावर अवलंबून आहेत, असं संयुक्त राष्ट्रांशी जोडलेल्या तज्ज्ञमंडळाचा 2016 चा अहवाल सांगतो. तो मी नंतर वाचला. मला आधी क्रेटमधल्या काकडीनं सांगितलं.

पाणथळ म्हटलं की आपल्याला नांदूर मधमेश्वर आठवतं, लोणार आठवतं. दोन्ही रामसरच्या यादीत गेली, चांगलंच झालं. पण माझ्या माशीला लोणार लांब पडतं. तिला माझ्या विहिरीजवळचा चिखल पाहिजे. जलसंधारणाचं काम करताना शेवटी एका बाजूला थोडा उतार सोडायचा, एवढंच कुणी आमच्या कानावर घातलं असतं, तर आम्ही सोडला असता. त्याला जास्त डिझेलही लागलं नसतं. तुमच्या गावात काम होणार असेल तर तुम्ही ते कानावर घाला.

एक शेवटचं. 2025 च्या सप्टेंबरात आमच्या जिल्ह्यात पावसानं काय केलं ते तुम्ही बघितलंच. आमचा ओढाही पहिल्यांदा काठ सोडून वाहिला. पाणी ओसरल्यावर गाळ पसरला, दोन्ही बाजूंना. दिवाळीनंतर बघतो तर तात्यांच्या बाजूच्या गाळात तालीमखान्याची रोपं, उशिरा आलेली, वीतभर. आठ-नऊ तरी असतील. बियाला बांध कळत नाही.

करारानं ती उपटायची होती. मी गप्प राहिलो. पौषात, यात्रेहून येताना, मुद्दाम त्या बाजूनं आलो. रोपं होती. वीतभरच, पण फुललेली. तात्या बांधावर बसले होते. मी काही विचारलं नाही, तेच म्हणाले, "बघालास काय? वाळू दे, मग काढतो."

वाळल्यावर बी पडतं, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

चला, थांबतो. बी पाहिजे असेल तर आधी तुमच्याच पंचक्रोशीत शोधा. हायवेच्या खड्ड्यात, जुन्या तळ्याच्या कडेला, कालव्याच्या गळतीखाली. असतंच. लांबून मागवण्यापेक्षा तिथलंच बरं, त्याला तुमचा पाऊस माहीत असतो. पुढच्या भागात बांधावरच्या गवताबद्दल बोलू. तोपर्यंत एक दिवस सकाळी सात ते आठ एका फुलाजवळ बसा आणि मोजा. किती आले ते मला नक्की कळवा.

येळकोट येळकोट जय मल्हार. नमस्कार.